शाळेच्या परसबागेसाठी खरीप हंगामातील सल्ला

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि त्याच सुमारास पावसाचाही जम बसू लागतो. ज्या शाळांना यंदा आवारात परसबाग सुरू करायची आहे, त्यांनी बियाणे आणण्याआधी सुट्ट्यांची यादी पुढ्यात घ्यावी, कारण सुट्टीत पाणी घालायला कोणी नसले की उभी बाग वाळून जाते आणि मुलांचा हिरमोड होतो.

पहिल्या वर्षी अर्धा गुंठा पुरे. जागा भरपूर उन्हाची आणि हातपंपाजवळची असावी, म्हणजे तांदूळ-भाज्या धुतलेले पाणी पाटाने वाफ्यांकडे नेता येते. काळ्या भारी जमिनीत पावसाचे पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून चांगले कुजलेले शेणखत मिसळून वीतभर उंचीचे गादीवाफे करावेत. त्यांची रुंदी तीन फुटांहून अधिक नसावी. पोरांचा हात दोन्ही बाजूंनी मधोमध पोहोचला पाहिजे, नाहीतर निंदताना वाफा तुडवला जातो.

शाळा उघडताच भेंडी, गवार व चवळी टोबावी. भेंडीची तोडणी साधारण दीड महिन्यात सुरू होते आणि ती दिवाळीच्या सुट्टीपूर्वी पोषण आहारात पुरेपूर वापरली जाते. वांगी-टोमॅटोची रोपे ऑगस्टअखेर टाकून सप्टेंबरअखेर लावावीत. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना पाणी देण्याची जबाबदारी स्वयंपाक करणाऱ्या ताईंशी किंवा बचत गटाशी आधीच बोलून ठरवावी. सुट्टीनंतर मेथी, पालक, कोथिंबीर दर पंधरवड्याला थोडी थोडी पेरावी. फेब्रुवारीनंतर नवी पेरणी करू नये. उन्हाळ्यात शेवगा, कढीपत्ता आणि लिंबू एवढेच ठेवावे. ही झाडे जुलैतच लावून त्यांच्या आळ्यांत पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.

कुंपणाला तुराट्या, म्हणजे तुरीची वाळलेली खोडे, वापराव्यात. पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, सहज मिळत असल्या तरी त्यांतील बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि ती शेजारच्या कपाशीवर जाते.

किडीसाठी 5 टक्के निंबोळी अर्क पुरेसा आहे: 50 ग्रॅम निंबोळी चूर्ण रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एकूण एक लिटर द्रावण करावे. ही फवारणी शिक्षकांनी करावी. परसबागेत रासायनिक कीटकनाशक मुळीच नको, आणि औषधाचे रिकामे डबे धुऊनही पाण्यासाठी वापरू नयेत. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेली विषबाधा आपण पाहिली आहे. लागून असलेल्या वावरात कपाशीवर फवारणी होणार असेल, तर तो दिवस शेतकऱ्याकडून आधी विचारून घ्यावा, त्या दिवशी मुलांना बागेत पाठवू नये आणि फवारा वाफ्यांवर उडाला असल्यास ती भाजी स्वयंपाकात घेऊ नये.