प्रिंटरायटरचा मजकूर फाइलमध्ये उतरत नसेल तर: फ्लश कसं करावं

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत 112 घरं. मेंटेनन्सची यादी काढायला मी जावात प्रिंटरायटर (फाइलमध्ये मजकूर लिहिणारा क्लास) वापरून छोटा प्रोग्राम लिहिला: फ्लॅट नंबर, नाव आणि प्रिंटएफने दोन दशांशांपर्यंत रक्कम. प्रोग्राम बिनबोभाट चालला, एकही एरर नाही. फाइल मात्र 0 बाइट. सेक्रेटरी काका प्रिंटरमध्ये कागद लावून उभे, म्हणाले, "अरे, ही तर कोरी!"

चर्चगेटबाहेरची नरिमन पॉइंटची शेअर टॅक्सी सीट भरल्याशिवाय सहसा हलत नाही. प्रिंटरायटरही मजकूर आधी बफरमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) बसवतो आणि बफर भरला की पुढे पाठवतो. भरायची वाट न बघता तो पुढे ढकलणं म्हणजे फ्लश. या बफरची नेहमीची क्षमता 8192 कॅरेक्टर. मराठीत काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, म्हणजे 'की' दोन जागा अडवतो. तरी माझ्या साठ-साठ कॅरेक्टरांच्या ओळी मिळून सात हजारही भरत नव्हत्या. मी क्लोज (फाइल बंद करायची आज्ञा) लिहायला विसरलो होतो. प्रोग्राम संपला आणि बफरमधलं सगळं गेलं.

म्हणून सर्वात आधी क्लोजची सोय करा. जावा 7 पासून ट्राय (try) या शब्दापुढच्या कंसातच प्रिंटरायटर तयार करता येतो. ब्लॉक संपला की क्लोज आपोआप होतो आणि त्यातच फ्लशही होतो. फक्त त्या ब्लॉकच्या आत सिस्टिम.एक्झिट (प्रोग्राम तिथेच संपवणारी आज्ञा) लिहू नका. तसं केलंत तर क्लोजपर्यंत गाडी पोचतच नाही.

प्रोग्राम बराच वेळ चालणार असेल आणि मजकूर मध्येच दिसायला हवा असेल, तर स्वतः फ्लश() लिहा. मी प्रत्येक विंगची यादी संपली की लिहितो. ओळीओळीला फ्लश केलं तर बफर ठेवण्यात अर्थच उरत नाही, मोठ्या फाइलला वेळही जास्त लागतो.

ऑटोफ्लश, म्हणजे आपोआप होणारा फ्लश, हवा असेल तर आधी फाइलरायटर बनवा, तो प्रिंटरायटरला द्या आणि दुसऱ्या जागी ट्रू लिहा. नुसतं फाइलचं नाव दिलं तर ट्रू लिहायला जागाच नसते. इथे बरेच जण फसतात: ऑटोफ्लश फक्त प्रिंटएलएन, प्रिंटएफ आणि फॉरमॅट यांनाच लागू आहे. साध्या प्रिंटमध्ये नवी ओळ टाकलीत तरी फ्लश होत नाही.

आता चेकएरर(). पेनड्राइव्ह भरला तरी प्रिंटरायटर एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) फेकत नाही, गप्प राहतो. चेकएरर आधी फ्लश करतो आणि काही बिघडलं असेल तर ट्रू सांगतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण यादी पैशांची आहे.

फ्लशने मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती जातो, डिस्कवर उतरलाच असं नाही. वीज गेली तरी टिकायला हवा असेल तर फ्लशनंतर फाइल डिस्क्रिप्टरचा (उघडलेल्या फाइलची सिस्टिमकडची ओळख) सिंक वापरा.

खात्री करायची असेल तर फ्लशच्या ओळीवर ब्रेकपॉइंट (डीबगरमध्ये प्रोग्राम थांबवायची खूण) लावा आणि फाइलचा आकार बघा. यादी छोटी असेल तर 0 दिसेल. एक पाऊल पुढे जा, पुन्हा बघा: आकार वाढलेला असेल.