पाच टक्क्यांचा ताईत: डायब्लो २ मधली हिट रिकव्हरी आणि ब्लॉक

डायब्लो २ या कॉम्प्युटर गेममधली माझी पहिली सॉर्सरेस (जादूगारीण) हेल या सगळ्यात अवघड डिफिकल्टीत मरायची तेव्हा क्षणभर आधी तिचा लाइफ दाखवणारा लाल गोळा अर्ध्याहून जास्त भरलेला असायचा. अ‍ॅक्ट ५ या गेमच्या शेवटच्या भागात टेलिपोर्ट (क्षणात दुसऱ्या जागी नेणारा स्पेल, म्हणजे मंत्र) मारून मी फ्रेंझीटॉरच्या घोळक्यात उतरायचो (रेड्याच्या तोंडाचे, दोन्ही हातांनी हाणणारे आणि हाणता हाणता वेग वाढवणारे), लगेच पुढचा टेलिपोर्ट दाबायचो आणि बाई जागची हलायची नाही. मार खात, कळवळत तशीच उभी. मी नेटला शिव्या घातल्या, माउसला घातल्या, शेवटी नवा माउस आणला. त्या माउसवरही ती तशीच मेली.

नव्याने खेळायला आलेल्या प्रत्येकाला मी आता हाच प्रश्न विचारतो: तू मेलास तेव्हा लाइफ कमी पडलं होतं, की हलता येत नव्हतं? बहुतेकांनी हे पाहिलेलंच नसतं.

एका फटक्यात तुमच्या एकूण लाइफच्या बाराव्या हिश्शाइतकं नुकसान झालं, की पात्र वेदनेने आखडतं. ही हिट रिकव्हरी. तेवढा वेळ चालणं बंद, स्पेल बंद. इथे धरायचं ते एकूण लाइफ, त्या घटकेला उरलेलं नव्हे. ६०० लाइफवाली सॉर्सरेस ५० च्या फटक्याने थिजते, १२०० वालीला तेच व्हायला १०० चा फटका लागतो. पार्टीतल्या बार्बेरियनने (दणकट योद्ध्याने) सगळ्यांचं एकूण लाइफ वाढवणारी बॅटल ऑर्डर्सची आरोळी ठोकली की सगळे निर्धास्त होतात, त्याचं अर्धं कारण हे आहे.

आता वेळ. गेम सेकंदाला २५ फ्रेमने, म्हणजे २५ चित्रांनी, चालतो. काहीच न घातलेली सॉर्सरेस सावरायला १५ फ्रेम घेते, म्हणजे ०.६ सेकंद. बार्बेरियन ९ फ्रेममध्ये सावरतो. ०.६ सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण चौघे आळीपाळीने मारत असतील तर एक कळ ओसरायच्या आत दुसरी सुरू होते. यालाच स्टनलॉक म्हणतात.

वस्तूंवर ‘फास्टर हिट रिकव्हरी’ टक्क्यांत लिहिलेली असते आणि तिथेच सगळे फसतात. टक्के वाढले की वेळ हळूहळू कमी होत जाईल असं वाटतं. तसं होत नाही. ही शिडी आहे. दोन पायऱ्यांच्या मध्ये पाय टेकायला जागा नाही. सॉर्सरेसच्या वरच्या पायऱ्या अशा: ३० टक्क्यांना १० फ्रेम, ४२ ला ९, ६० ला ८, ८६ ला ७ आणि मग थेट १४२ ला ६. मी स्पिरिट रूनवर्डची (ठरावीक रून, म्हणजे जादूचे खडे, बसवून बनणारी) ढाल मिळवली, ५५ टक्के, आणि आठवडाभर मिरवत होतो. पण ५५ म्हणजे ४२ चीच पायरी. वरचे १३ टक्के फुकट. मग जमिनीवरून उचललेला एक स्मॉल चार्म, म्हणजे ताईत, बॅगेच्या एका चौकोनात मावणारा, ५ टक्क्यांचा. मी तो विकायला काढला होता. बॅगेत ठेवला आणि ६० झाले. एवढ्याशा ताइताने जे केलं ते नव्या माउसला जमलं नव्हतं. मात्र हाताशी स्पिरिटची तलवारही असेल तर ढालीसकट ११० होतात. तेव्हा ७ फ्रेमवर समाधान माना आणि १४२ च्या नादी लागून बॅग भरू नका. शिडी क्लासनुसार (पात्राच्या प्रकारानुसार) बदलते, तेव्हा दुसऱ्याचा आकडा उचलू नका.

आता ब्लॉक, म्हणजे ढालीने फटका अडवणं. अडवलेल्या फटक्याने नुकसानच होत नाही, म्हणून हिट रिकव्हरीही नाही. मग सगळ्यांनी ढाली का घेऊ नयेत? कारण हिशोब महाग आहे. ढालीचा ब्लॉकचा आकडा (त्यात पॅलॅडिनला ३०, अ‍ॅमेझॉन-असॅसिन-बार्बेरियनला २५ आणि बाकीच्यांना २० ची भर) गुणिले (डेक्सटेरिटी, म्हणजे चपळाई, उणे १५), आणि आलेल्या गुणाकाराला लेव्हलच्या दुपटीने भागायचं. कमाल ७५ टक्के. समजा भरीसकट आकडा ६० आहे आणि लेव्हल ८०: तर ७५ टक्क्यांसाठी २१५ डेक्सटेरिटी लागते. लेव्हल ९० ला त्याच ढालीवर २४०. म्हणजे लेव्हलमागे मिळणाऱ्या ५ पॉइंटांतले अडीच पॉइंट नुसते होतं तिथे राहायला जातात. आणि धावताना ब्लॉक एक तृतीयांशच उरतो, म्हणून गर्दीत चालत शिरा.

शिवाय अडवायलाही वेळ लागतो. सॉर्सरेसला ९ फ्रेम लागतात. ढालीत शाएल रून बसवला की अडवण्याचा वेग २० टक्के वाढून ७. घोळक्यात ती फटके अडवत राहते आणि अडवण्यातच अडकून पडते. पॅलॅडिनचं होली शील्ड (ढालीला बळ देणारं त्याचं कौशल्य) चालू असेल तर तेच काम २ फ्रेममध्ये होतं, म्हणून पूर्ण ब्लॉक मी त्याच्यासाठी राखून ठेवतो. सॉर्सरेसचे पॉइंट लाइफ वाढवणाऱ्या व्हायटॅलिटीत. हार्डकोरवाले यावर भांडतील आणि त्यांच्या जागी ते बरोबरही असतील. तिथे मेलेलं पात्र परत येत नाही. ग्लोम या वीज फेकणाऱ्या राक्षसाच्या विजेपुढे मात्र कुठलीच ढाल चालत नाही, तिथे लायटनिंग रेझिस्टन्स (विजेचं नुकसान कमी करणारा आकडा) पाहा.

पाथ ऑफ एक्झाइल या तशाच दुसऱ्या गेमकडे गेलात तर हिट रिकव्हरीच्या जागी ‘स्टन’ भेटेल. आकडे निराळे, पण फटका एकूण लाइफच्या मानाने केवढा, हा प्रश्न तोच.

आणि पॉइंट चुकले म्हणून पात्र पुसून टाकू नका. २०१० च्या १.१३ पॅचपासून डेन ऑफ ईव्हिल ही सुरुवातीची गुहा साफ केल्यावर ते काम सोपवणारी अकारा प्रत्येक डिफिकल्टीत एकदा सगळे पॉइंट फुकट परत देते. मी डेक्सटेरिटीत ओतलेले पॉइंट तिच्याकडूनच सोडवून आणले आणि त्याच संध्याकाळी सॉर्सरेसला परत फ्रेंझीटॉरांत उतरवलं. पहिला फटका बसला, ती आखडली, आणि दुसरा बसायच्या आत पडद्याच्या दुसऱ्या टोकाला होती.