रॅम कॅशेनं खाल्ली म्हणून बोंबलताय? आधी या चुका टाळा

"मालक, सर्व्हरची रॅम फुल झालीय, कॅशे सोडतच नाय बघा." असा फोन आला की मी एकच विचारतो, अव्हेलेबल किती दाखवतंय? पलीकडं शांतता. पोरं रॅमचा हिशेब दाखवणारी फ्री कमांड मारतात आणि फ्रीचाच रकाना बघून घाबरतात. अरे, मोकळी रॅम काय पूजेला ठेवायचीय का, लिनक्स तिच्यात वाचलेल्या फायली धरून ठेवतं (हाच कॅशे) आणि कुणी मागितली की सोडतं, किती सुटेल त्याचा अंदाज अव्हेलेबलच्या रकान्यात असतो, 2014 च्या 3.14 कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा).

दुसरी चूक म्हणजे क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवतं ते) ड्रॉप-कॅशेस, म्हणजे कॅशे जबरदस्तीनं रिकामा करणं, टाकणं, याचा मला मनापासून राग आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्यात 16 जीबीचा सर्व्हर, तिथल्या पोरानं दर अर्ध्या तासाला ड्रॉप-कॅशेसमध्ये 3 (म्हणजे सगळा कॅशे सोड) लिहायला लावलेलं. झालं काय, दर अर्ध्या तासाला बिलिंग अडकायचं, कारण डेटाबेसच्या फायली परत डिस्कवरून वाचायला लागायच्या. आणि एवढं करूनही फ्रीमधला बफ-कॅशेचा रकाना 7 जीबीच्या खाली येईना! मी शेअर्डचा रकाना बघितला, तिथंही जवळपास 7. म्हणजे टीएमपीएफएस, रॅममध्येच फायली ठेवणारी फाइल सिस्टिम. ते बफ-कॅशेतच मोजतात पण त्याची डिस्कवर कॉपी नसते, त्यामुळं ड्रॉप-कॅशेस त्याला हात लावत नाही, फार तर स्वॅपमध्ये (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) जाईल, आणि ह्यांनी स्वॅप बंद ठेवलेला. जागा दाखवणारं डीएफ मारलं तर डेव्ह-एसएचएम (टीएमपीएफएसचंच फोल्डर) भरत आलेलं, फायलींची यादी देणारं एलएस मारलं तर फोल्डर रिकामं! "फास्ट होतंय" म्हणून बॅकअपचा डंप (डेटाबेसची कॉपी) तिथं काढायचे, कुणीतरी फाईल उडवलेली, पण कॉपी करणारी प्रोसेस लटकून तिला धरून बसलेली. उघड्या फायली दाखवणाऱ्या एलएसओएफला प्लस-एल-1 लावल्यावर 'डिलीटेड' लिहून समोर आली. प्रोसेस मारली, 7 जीबी मोकळी. क्रॉनची ओळ मी उडवली, पोरानं महिन्याभरात परत टाकली, काय बोलणार बे.

बाकीचं पटापट. शेअर्ड कमी आणि तरी अव्हेलेबल घसरतंय तर स्लॅबटॉप बघा, कर्नल स्वतःसाठी किती रॅम वापरतंय ते त्यात दिसतं. डेंट्री (फायलींच्या नावांचा कॅशे) फुगलेली असेल तर ती सुटणारी आहे, मेमइन्फोत (रॅमचा सविस्तर हिशेब देणारी फाईल) एसअनरिक्लेम, म्हणजे कर्नलची न सुटणारी रॅम, रोज वाढत असेल तर संशय ड्रायव्हरवर घ्या. झेडएफएस फाइल सिस्टिमवाल्यांनो, तुमचा एआरसी (झेडएफएसचा स्वतःचा कॅशे) यूज्डच्या रकान्यात दिसतो, बफ-कॅशेत शोधत बसू नका. आणि रीस्टार्ट मारायच्या आधी मेमइन्फो एका फायलीत कॉपी करून ठेवा, मला नंतर "आता दिसत नाय" म्हणून फोन नको.