व्हरांड्याला कारण कळू नये

मी आरोग्यसेविका आहे. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत २२ वर्षं नोकरी झाली. शाळेत आरोग्याची खोली चालवणारे किंवा सुरू करू पाहणारे शिक्षक आणि माझ्यासारख्याच ताई, यांच्यासाठी हे लिहिते आहे. आठवी ते बारावीची मुलं डोळ्यांसमोर आहेत. लहान मुलं हात धरून येतात. चौदा-पंधराचं मूल दाराशी येतं आणि परत फिरतं.

आधी माझी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका हायस्कूलच्या व्हरांड्यात मी मुलींचं हिमोग्लोबिन तपासत होते. आत उजेड कमी, म्हणून टेबल बाहेर मांडलेलं. नववीतल्या एका मुलीचं साडेआठ निघालं. रजिस्टर लिहिणाऱ्या मॅडमना मी मोठ्यानं आकडा सांगितला आणि वर म्हणाले, "हिला दवाखान्यात पाठवावं लागेल." सगळी रांग ऐकत होती. चार दिवसांनी तिची आई उपकेंद्रावर आली. "ताई, मनी पोरना आंगमा रगतच नही, अशी गावमा बोंब व्हयी गयी. आते तिले कोन करी?" म्हणजे आता हिच्याशी लग्न कोण करणार. ती मुलगी पुढच्या दोन्ही तपासण्यांना शाळेतच आली नाही. उपचार सुरू करायला आम्हाला सात महिने लागले, आणि ते सात महिने माझ्या एका वाक्यानं घालवले.

तेव्हापासून एकच गोष्ट धरून चालते. मूल आत शिरताना ते कशासाठी शिरलं, हे व्हरांड्याला कळता कामा नये. पुढचं सगळं त्यातूनच आलं आहे.

खोली मुख्याध्यापकांच्या ऑफिसला लागून असेल तर घेऊ नका, कितीही चांगली असली तरी. तिकडे जाणारं मूल शिक्षेला चाललंय किंवा चुगली करायला, असंच बाकीचे धरतात. स्टाफरूमचा कोपरा तर नकोच. आमच्या हायस्कूलमध्ये आम्ही खेळाच्या सामानाची खोली मागून घेतली. चेंडू, दोरी, नेट न्यायला तिथे दिवसभर ये-जा असतेच. अर्धी खोली खेळाची, मध्ये जुन्या साडीचा दुहेरी पडदा, पलीकडे दोन खुर्च्या, वजनकाटा, हात धुवायला बादली, मग आणि साबण. खुर्च्या समोरासमोर ठेवू नका, काटकोनात ठेवा. लाजणाऱ्या मुलाला भिंतीकडे बघून बोलता येतं. पडद्यातून आवाज बाहेर जातो, म्हणून एक टेबलफॅन ठेवला आहे. उन्हाळ्यात तो लागतोच, पण हिवाळ्यातही मी त्याचं तोंड भिंतीकडे करून चालू ठेवते. त्याच्या घरघरीत बोलणं बाहेर ऐकू जात नाही.

मग खोलीत निमित्तं भरून ठेवा. मलमपट्टी, आरसा, सेफ्टी पिना, ओआरएसची पाकिटं, भिंतीवर उंची मोजायची पट्टी, ६ मीटरवर डोळे तपासायचा तक्ता. आमच्याकडे सगळ्यात जास्त चालतं ते नेलकटर. नखं कापायला आलेलं मूल पाच मिनिटं मान खाली घालून बसतं आणि बोलायला तेवढी पाच मिनिटं पुरतात. सॅनिटरी पॅड कपाटात कुलूपबंद ठेवू नका. किल्ली एका मॅडमकडे असते आणि नेमक्या त्या दिवशी त्या रजेवर असतात. पडद्याआड उघड्या डब्यात ठेवा, शेजारी जुनी वर्तमानपत्रं ठेवा. महिन्यात किती गेले तेवढं मोजा. कोणी नेले ते लिहू नका. "मुली जास्त नेतील" असं एका बैठकीत मला ऐकावं लागलं. नेऊ देत. घरी बहिणीला लागत असतील.

वेळ ठरवताना एस.टी.चं वेळापत्रक बघा. "शाळा सुटल्यावर भेट" असं सांगितलं की वाड्या-पाड्यांवरून येणाऱ्या मुलींसाठी ते "भेटू नकोस" असंच होतं, कारण मुलींची शाळेत ने-आण करणारी मानव विकास योजनेची निळी बस कोणासाठी थांबत नाही. आम्ही गुरुवारची मोठी सुट्टी आणि तिच्यानंतरचा तास ठरवून घेतला आणि वेळापत्रकावर छापला. वर्गातून यायला पुठ्ठ्याचा एक पास आहे. चेंडू न्यायलाही तोच, डोकं दुखलं तरी तोच. पास दाखवला की शिक्षकांनी "कशाला?" असं विचारायचं नाही, हे मुख्याध्यापकांकडून सगळ्यांना एकदा सांगून घ्या. यात सगळ्यात जास्त ओढाताण होते, पण इथे माघार घेऊ नका.

आत आल्यावर "काय त्रास आहे?" असं मी विचारत नाही. उत्तर ठरलेलं असतं: "काहीच नही." मी म्हणते, "ये वं बाई, बठ. जेवनी का?" जेवणावरून पुढे सगळं निघतं. सकाळी फक्त चहा, डब्यात कळण्याची भाकरी आणि मिरचीची चटणी, रात्री कापूस वेचून दमल्यावर नुसतीच खिचडी. बोलीत विचारलं की उत्तर बोलीत येतं आणि लाज निम्मी होते. आश्रमशाळेत पावरी ही आदिवासी बोली बोलणारी मुलं आहेत, मला पावरीची चारच वाक्यं येतात. दुभाष्या म्हणून वर्गातलीच मुलगी बसवायची चूक करू नका. संध्याकाळपर्यंत गोष्ट वसतिगृहभर होते. "तुझ्या बोलीत कोण बोललेलं चालेल?" असं त्या मुलीलाच विचारा. आमच्याकडे बहुतेक मुली स्वयंपाकाच्या मावशींचं नाव घेतात. वजनाचा आणि हिमोग्लोबिनचा आकडा तोंडानं उच्चारू नका, चिठ्ठीवर लिहून घडी घालून द्या.

निळ्या गोळीबद्दल थोडं सविस्तर सांगते. बहुतेक शाळांत बिघडतं ते इथेच. १० ते १९ वर्षांच्या मुला-मुलींना आठवड्याला एक, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची. एका शाळेत ती प्रार्थनेआधी, उपाशी पोटी वाटली गेली. दोन मुलींना उलटी झाली, ते बघून आणखी पाच-सहा जणी खाली बसल्या, गावातून लोक धावत आले. पुढे कित्येक महिने त्या शाळेच्या मागच्या नालीत निळ्या गोळ्या सापडत होत्या. गोळी जेवणानंतरच द्या, आणि तिच्या मागेपुढे तासभर तरी चहा नको. डब्यात लिंबाची फोड असेल तर चांगलं, लोह अंगी लागतं. मळमळू शकतं, शौचाला काळं होतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे गोळी देण्याआधी सांगा. नंतर सांगितलं तर सारवासारव वाटते. शिक्षकांनी सगळ्यांसमोर स्वतःही एक घ्यावी. आमच्या खेळाच्या सरांनी घेतली त्या दिवसापासून दहावीतली मुलंही घेऊ लागली.

ही गोळी प्रतिबंधाची आहे. मुलींचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि १५ वर्षांवरच्या मुलांचं १३ च्या खाली असेल तर तो अ‍ॅनिमिया. त्याला रोजचे उपचार लागतात आणि ते डॉक्टर ठरवतात. आमच्या सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलची, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली आहे का, तेही विचारा. सिकलसेलच्या मुलाला पाणी कमी पडलं किंवा थंडी बाधली की अंग असह्य दुखतं. त्याला तासात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या आणि लघवीला जायला परवानगी मागायला लावू नका. त्याचं कार्ड वर्गात वाटू नका.

लघवीवरून आठवलं. एका उन्हाळ्यात मुली सारख्या जळजळीची तक्रार घेऊन येत होत्या. मी पाणी प्या, पाणी प्या सांगत राहिले. शेवटी एकीनं सांगितलं की मुलींच्या संडासाला आतून कडीच नाही, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. कडी त्याच दिवशी बसली. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४४ वर जातो, तिथे मुली मुद्दाम तहानलेल्या राहत होत्या आणि हे आम्हा मोठ्या माणसांपैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. खोलीचा पडदा शिवण्याआधी ती कडी बघून या. झाकणाची कचरापेटी आणि पाणी आहे का, तेही बघा.

मुलगे सगळ्यात उशिरा आले. आम्ही इतकी वर्षं मुलींशीच बोललो, त्यामुळे ही खोली पोरींची असं त्यांनी धरलं होतं. त्यांना आणलं ते उंचीच्या पट्टीनं. उंची वाढेल का, मुरुमं कधी जातील, दंड कसे भरतील, हे प्रश्न त्यांना खरंच छळत असतात. त्यांना हसू नका. मोठा प्रश्न त्यांच्या मागे लपलेला असतो. "ताई, धात जाते, त्यानं माणूस खंगतो का?" झोपेत वीर्य जाणं या वयात नैसर्गिक आहे, त्यानं अशक्तपणा येत नाही, एवढं स्पष्ट सांगायला कोणी नसतं. भिंतीवरच्या जाहिराती मात्र भीती घालतच असतात आणि पोरं त्यांच्याकडे पैसे घेऊन जातात. काही मुलांना हे पुरुषाशीच बोलायचं असतं, म्हणून महिन्यातून एक गुरुवार आमचे आरोग्यसेवक भाऊ बसतात. तंबाखू-चुन्याचंही त्याच खोलीत बोला. "खातोस का?" नको. "दिवसातून किती वेळा मळतोस?" असं विचारलं तर खरं उत्तर येतं.

मूल बोलायला लागण्याच्या आधी मी हे सांगते, जवळजवळ याच शब्दांत: "इथलं बोलणं मी घरी, वर्गात, सरांना सांगणार नाही. पण तुला कोणी त्रास देत असेल, नको तिथे हात लावत असेल, किंवा तुझ्या मनात जिवाचं बरंवाईट करायचं येत असेल, तर ते मला एकटीच्या पोटात ठेवता येणार नाही. तेव्हा कोणाला सांगणार ते आधी तुला सांगेन आणि तुझ्यासोबत राहीन." १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. "कोणालाच सांगणार नाही" असा शब्द देऊन नंतर तो मोडलात, तर ते मूल पुन्हा कोणाशीच बोलणार नाही. चाइल्डलाइनचा १०९८ आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे नंबर सूचनाफलकावर लावता तसे संडासाच्या दाराला आतून लावा. तिथे ते एकट्यानं वाचता येतात.

पालकांना जूनमध्येच बोलवा, कापूस वेचणी सुरू झाली की कोणी येत नाही. तपासण्या कोणत्या, गोळी कोणती, खोलीत काय चालतं, ते सगळं दाखवा आणि संमती घ्या. पडदाही उघडून दाखवा. आयांना ही खोली पटली की निम्मं काम होतं.

पुढे पाठवायची वेळ येते तेव्हा नुसती चिठ्ठी हातात देऊ नका. उपजिल्हा रुग्णालयात किंवा ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असेल तर कोणत्या वारी, कोणत्या वेळी, कितव्या नंबरच्या खोलीत, हे आधी फोन करून विचारा. सोबत कोण जाणार आणि परतीची बस कोणती, ते मुलाबरोबर बसून ठरवा. चिठ्ठीवर बाहेरून खोलीचा नंबर तेवढा लिहा, तक्रार आत, बंद पाकिटात; केसपेपरच्या खिडकीवर गावातलंच कोणीतरी उभं असतं. आणि मूल परत आल्यावर वर्गाच्या दारातून "काय म्हणाले डॉक्टर?" असं विचारू नका. गुरुवारी नखं कापायला बोलवा.