काफ्काची डिस्क वाढवण्यापूर्वी

चिकोडी-निपाणी पट्ट्यातील ऊसवजन काट्यांच्या नोंदी आम्ही क्लाउडवरील काफ्का सेवेत (संदेश साठवून पुढे पोहोचवणारी प्रणाली) साठवतो. तेथे नोंदींची मुदत सात दिवसांवरून एका दिवसावर आणली, तरी डिस्क रिकामी होईना. कमी नोंदी येणाऱ्या संथ टॉपिकमध्ये (एका विषयाच्या संदेशांचा प्रवाह) चालू सेगमेंट, म्हणजे नवे संदेश लिहिले जाणारी फाइल, बंद झाल्याशिवाय त्यातील जुने संदेश पुसले जात नाहीत, आणि मूळ सेटिंगप्रमाणे तो १ जीबी भरेपर्यंत किंवा सात दिवस उघडाच राहतो.

म्हणून त्या टॉपिकवर ‘रिटेन्शन डॉट एमएस’ (नोंदी ठेवण्याची मुदत) ८६४००००० मिलिसेकंद, म्हणजे एक दिवस, करताना ‘सेगमेंट डॉट एमएस’ही (सेगमेंट उघडा राहण्याची मुदत) ३६०००००, म्हणजे एक तास, करावे. अ‍ॅमेझॉन एमएसके या काफ्का सेवेच्या स्टँडर्ड ब्रोकरची (नोंदी साठवणाऱ्या सर्व्हरची) डिस्क वाढवता येते, कमी करता येत नाही, त्यामुळे हा उपाय आधी करून पाहणेच शहाणपणाचे.

मात्र सर्वांत मागे राहणारा कन्झ्युमर, म्हणजे नोंदी वाचणारी प्रणाली, अवश्य तपासावा. शनिवारी थांबून सोमवारी सुरू होणाऱ्या हिशेबाच्या प्रणालीला मधल्या, एका दिवसाहून जुन्या झालेल्या व पुसल्या गेलेल्या नोंदी मिळणार नाहीत.