अमेरिकेत मुलाकडे जाताय? परतीची तारीख व्हिसावर बघू नका

आमच्या दापोलीकडचे आई-आप्पा मुलाकडे निघाले की पासपोर्टातला दहा वर्षांचा व्हिसा बघून निर्धास्त होतात. ती तारीख अमेरिकेत शिरण्यापुरती. राहायचं किती, हे ठरतं आय-९४ नोंदीवर, म्हणजे तिथे शिरताना सरकारदरबारी होणाऱ्या तुमच्या आगमनाच्या नोंदीवर.

१. विमानतळावरून घरी पोचलात की दोनेक दिवसांत मुलाला सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमा-तपासणी खात्याच्या) संकेतस्थळावरून आय-९४ काढायला सांगा, फुकट मिळतं. नाव पासपोर्टात आहे तस्संच टाका. आपल्याकडे पहिल्या नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचंही नाव असतं. ते गाळलं तर नोंद सापडत नाही.

२. त्यावरची ‘ॲडमिट अनटिल’ (कधीपर्यंत राहता येईल ती) तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. बहुतेकदा सहा महिने मिळतात, पण बोटं मोजू नका, छापलेली तारीखच धरा.

३. सुनेचं बाळंतपण लांबलं, आणखी थांबायचंय? मग मुदतवाढीचा आय-५३९ अर्ज. तारखेच्या निदान ४५ दिवस आधी भरा, कारण सबळ द्या.

मुदत उलटून एक दिवस जरी राहिलात तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द ठरतो. आंब्याला मोहोर आला म्हणून लवकर परतलात तर मात्र काहीच अडचण नाही.