गोव्याच्या पावसाळ्यात जुना डीएसएलआर कसा टिकवायचा

निकॉन डी९० हा डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा, आला 2008 साली. त्याचे 12.3 मेगापिक्सेल 12×8 इंची प्रिंटला आजही पुरतात. म्हणजे जुन्या कॅमेऱ्याचा खरा शत्रू इथली दमट हवा. आर्द्रता बराच काळ 65-70 टक्क्यांवर राहिली की लेन्सच्या आत बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर समजा, तिने काचेचं कोटिंग खायला घेतलंय. मग पुसून उपयोग नाही.

जूनपूर्वीच रबरी कडेचा हवाबंद डबा, एक हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) आणि ओल शोषणारं निळं सिलिका जेल आणा. 10 लिटरच्या डब्याला 200 ग्रॅम जेल पुरे. काटा 40 ते 50 टक्क्यांत ठेवा. 30 च्या खाली रबर आणि वंगण सुकतं. जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोनेक तास तापवा, पूर्ण गार करून मगच डब्यात घाला. चामडी केस मात्र डब्याबाहेरच. चामडं ओल धरून ठेवतं.

मिरामारच्या किनाऱ्यावर वाळूत लेन्स बदलायची नाही, कितीही मोह झाला तरी. घरी आल्यावर कॅमेरा बंद करून बॅटरी काढा, आधी ब्लोअरने (हाताने दाबायच्या रबरी हवापंपाने) वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने बॉडी पुसा. नुसतं कोरडं कापड मीठ घासत नेतं.

डी९० साठी मेमरी कार्ड 32 जीबीपर्यंतचं एसडीएचसी प्रकारचंच घ्या.